भुकेनंतरची फुलं

आजच्या गप्पांमध्ये तुम्हाला दूर हॉलंडला नेणार आहोत, लिस्से नावाच्या छोट्या गावात. ‘सिलसिला’ सिनेमातल्या अमिताभ-रेखाच्या गाण्यात ट्यूलिपचे रंगीत पट्टे पाहिले असतील ना? ते याच देशातले. तिथे दर वसंतात क्युकेनहॉफ नावाच्या बागेत फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं. जगभरातून लाखो माणसं येतात. पण आम्हाला आज फुलांपेक्षा ते प्रदर्शन सुरू कसं झालं ते सांगायचं आहे, आणि त्यासाठी सुरुवात स्वयंपाकघरातून करावी लागेल.

‘क्युकेन’ म्हणजे डच भाषेत स्वयंपाकघर. पंधराव्या शतकात याकोबा नावाची सरदारीण जवळच्या टेलिंगन किल्ल्यात राहायची. इथल्या रानात शिकार व्हायची आणि किल्ल्याच्या मुदपाकखान्यासाठी भाजीपाला, वनस्पती इथून जायच्या. म्हणजे मूळची ही परसबाग! 1641 मध्ये तिथे एक वाडा उभा राहिला. 1857 मध्ये झोखर या बापलेकांनी वाड्याभोवतीची बाग आखली. ॲमस्टरडॅमची प्रसिद्ध फोंडेल बागही त्यांचीच. त्यांच्या आखणीतली तळी आणि वळणाच्या वाटा पुढे फार उपयोगी पडल्या.

आता एकदम 1944 सालात येऊ. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होतं. सप्टेंबरमध्ये रेल्वे कामगारांनी दोस्त राष्ट्रांना मदत म्हणून संप केला. जर्मनांनी बदला घेतला आणि पश्चिमेकडच्या शहरांकडे जाणारं धान्य अडवलं. त्यात थंडी कडाक्याची, कालवे गोठलेले, कोळसा नाही. शिधा कमी होत होत माणशी दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. आपल्या घरातल्या मोठ्या माणसाला याच्या दुपटीइतकं तरी लागतं. त्या हिवाळ्यात सुमारे 20,000 माणसं उपासमारीने गेली. तिकडे त्याला ‘भुकेचा हिवाळा’ असंच म्हणतात.

आणि घर कोणी चालवलं? पुरुष रस्त्यावर दिसला तर त्याला धरून जर्मनीत मजुरीला धाडायचे. त्यामुळे पुष्कळदा बायकाच सायकलींवर, कधी पायी, कितीतरी मैल खेड्यांत जायच्या. चादरी, दागिने, चांदीचे चमचे द्यायच्या आणि बटाटे, गहू घेऊन परतायच्या.

याच वेळी ट्यूलिपचे कंद चुलीवर आले. युद्धामुळे फुलांचा व्यापार थंडावलेला, कंद गोदामात पडून होते. ट्यूलिपचा कंद दिसतो कांद्यासारखा, आत पिठूळ असतो. सरकारी माणसांनी पाककृती छापून वाटल्या: साल काढा, कंद मधोमध चिरा, आतला पिवळा कोंब काढून टाका, कारण तो बाधतो. मग उकडा, किसा, सूप करा, थापून भाजा. शोभेच्या वस्तूची भाजी करायची वेळ आली, पण तिने पुष्कळांना वसंतापर्यंत तगवलं.

मे 1945 मध्ये देश सुटला. कंद पिकवणाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. हा धंदा परदेशी गिऱ्हाइकावर चालतो, आणि ते पुन्हा जोडायचं होतं. त्यात या मालाची एक मोठी अडचण आहे. कंद हातात घेऊन फुलाचा रंग कळत नाही. शेतात जाऊन बघावं, तर फूल उमललं की शेतकरी ते खुडून टाकतात, म्हणजे जोर कंदात उतरतो. मग व्यापाऱ्याला दाखवायचं काय? युद्धापूर्वी 1925 आणि 1935 मध्ये जवळच्या हेमस्टेडला मोठी पुष्पप्रदर्शनं भरली होती. पण दहा वर्षांतून एकदा मांडव घालून धंदा कसा उभा राहणार?

1949 मध्ये या भागातले वीसेक बागायतदार आणि निर्यातदार एकत्र आले. लिस्सेचे नगराध्यक्ष लाम्बोय यांनीही पुढाकार घेतला. विचार असा होता की, दर वर्षी याच परसबागेच्या जागेत खुल्या आकाशाखाली कायमचं प्रदर्शन भरवायचं.

ऐकायला सोपं वाटतं. आपल्या पुण्यात एम्प्रेस गार्डनला जानेवारीत प्रदर्शन भरतं, तेव्हा फुललेल्या कुंड्या आणून मांडता येतात. कंदाचं तसं नाही. तो पावसाळी, गार शरदात पुरायचा, महिनोन्‌महिने थंडी खाऊ द्यायची, आणि मग तो आपल्या मर्जीने उगवतो. म्हणजे 1950 च्या वसंतासाठी 1949 च्या शरदातच पैसा, माल, मेहनत जमिनीत गाडायची. थंडी लांबली तर लोक येतील तेव्हा नुसती माती! आमच्या मते खरं धाडस इथे होतं. आणि तिकीट काढून बघायला यायचं कोणी? पाचच वर्षांपूर्वी ज्यांनी हेच कंद चिरून उकडले होते, त्यांनीही.

ते आले. पहिल्याच मोसमात 2,36,000 माणसांनी बाग पाहिली.

आज ही बाग 32 हेक्टरवर पसरली आहे आणि जेमतेम आठ आठवडे उघडी असते. जवळजवळ शंभर बागायतदार आपापले कंद देतात. सुमारे 40 माळी ऑक्टोबरपासून तब्बल 70 लाख कंद हाताने पुरतात. बहर लांबावा म्हणून त्यांची एक युक्ती आहे, ती आपण कुंडीतही करू शकतो: उशिरा फुलणारे कंद खाली, लवकरचे वर, असे थर लावायचे. एकाचा बहर ओसरतो तोवर खालचा वर येतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. या इतिहासात नावं येतात ती बागायतदारांची, नगराध्यक्षांची, आखणी करणाऱ्या बापलेकांची. कंद काढल्यावर ते सोलून निवडण्याचं काम गोदामांत वर्षानुवर्षं बायका आणि सुट्टीतली पोरं करत आली. भुकेच्या हिवाळ्यातही कंद सोलणारे हात त्यांचेच होते. त्यातली एखादी 1950 मध्ये तिकीट काढून आत गेली असेल, तर पहिल्या वाफ्यापाशी उभी राहून तिच्या मनात काय आलं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं आमच्या वाचनात आलेलं नाही.