जलरंग घराबाहेर कसे पडले

उन्हाळा लागला की रंगपेटी काखोटीला मारून डोंगर-नद्यांच्या वाटेला लागायचे, ही चित्रकारांची रीत इंग्लंडमध्ये 18व्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. तिचे श्रेय सहसा त्या काळच्या निसर्गप्रेमाला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. निसर्गाची ओढ होतीच. पण त्या ओढीला रंग मिळवून दिले ते लष्करी नकाशे काढणाऱ्यांनी आणि रंग-कागद बनवणाऱ्या कारागिरांनी.

विल्यम गिल्पिन यांचे उदाहरण पाहा. 1770 च्या उन्हाळ्यात ते वाय नदीतून होडीने फिरले आणि 1782 मध्ये त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. दृश्य कसे न्याहाळावे हे त्या पुस्तकाने एका पिढीला शिकवले, पण त्यातली चित्रे जवळजवळ एकरंगीच होती. उघड्यावर बसून समोरचे नेमके टिपण्याची शिस्त आली ती दुसरीकडून. 1746 मध्ये स्कॉटलंडमधले बंड मोडल्यावर तिथल्या डोंगराळ मुलखाची लष्करी मोजणी सुरू झाली आणि पॉल सँडबी तिथे आरेखक म्हणून लागले. पुढे वूलिचच्या लष्करी अकादमीत त्यांनी वर्षानुवर्षे चित्रकला शिकवली. साधनेही बदलत होती. पूर्वी रंगद्रव्य खलून त्यात डिंक मिसळावा लागे. रंग बनवणाऱ्या रीव्ह्ज यांनी ओला कुंचला फिरवताच रंग सोडणाऱ्या वड्या आणल्या आणि 1781 मध्ये त्यांना सोसायटी ऑफ आर्ट्सचे पारितोषिक मिळाले. कागद बनवणाऱ्या व्हॉटमन यांच्या कागदावर साच्यातल्या जाळीच्या रेघा उमटत नसत आणि सरसामुळे ओला रंग लगेच शोषलाही जात नसे. चुकलेला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टिपून घेता येई. फ्रान्सशी 1793 पासून युद्ध पेटले आणि युरोपच्या वाटा बंद झाल्या, तेव्हा ही सुटसुटीत पेटी वेल्स आणि लेक डिस्ट्रिक्टकडे वळली.

यावर आक्षेप येईल की खुद्द टर्नर यांच्यासारखे थोर निसर्गचित्रकार दर उन्हाळ्यात फिरत, पण जागेवर बहुधा पेन्सिलीनेच रेखाटत आणि रंगकाम घरी करत. मग वड्यांचे एवढे कौतुक कशाला? टर्नर यांची स्मरणशक्ती विलक्षण होती, त्यांना जागेवरच्या रंगाची गरज कमी भासे. पण साधनांचे मोल एकट्या प्रतिभावंतावरून ठरत नाही. चित्रकार डेव्हिड कॉक्स 1844 पासून दर उन्हाळ्यात वेल्समधल्या बेट्स-अ-कोएड गावी जात आणि त्यांच्यामागे चित्रकारांची तिथे रीघ लागली. कॉक्स यांना सामान बांधायचा खरबरीत स्कॉटिश कागद आवडे. त्यात काळे ठिपके असत. आभाळात आलेल्या ठिपक्यांना पंख जोडून ते पक्षी करून टाकत. हाताशी असलेला माल चित्राला कसे वळण देतो, याचा याहून सरळ पुरावा नको.

दुसरा आक्षेप असा की हे सारे इंग्लंडच्या ओलसर हवेचे आणि तिथल्या मनोवृत्तीचे फळ आहे. तसे असते तर ही रीत तिथेच राहिली असती. पण ती भारतातही आली: मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाची चित्रे रंगवली. त्यांची नजर आणि माया कोल्हापूरचीच होती. तंत्र शिकता येण्याजोगे होते, म्हणूनच ते इतक्या दूर पोचले. निसर्गचित्राचा इतिहास लिहिताना कवींइतकेच मोजणीदार आणि कागदवाले यांनाही मानाचे पान द्यायला हवे.