वाहन चालवता येत नाही म्हणून अडलेले प्रमाणपत्र

१९५३ साली कॅलिफोर्नियातील एड रॉबर्ट्स ह्या चौदा वर्षांच्या मुलास पोलिओ झाला. मानेखालचे शरीर लुळे पडले. हातापायांची काही बोटे तेवढी हलत. श्वासासाठी ‘आयर्न लंग’ नावाच्या अजस्र लोखंडी नळकांड्यात पडून राहावे लागे. साल्कची लस सर्वांसाठी आली ती १९५५ मध्ये.

शाळा चालू राहिली दूरध्वनीच्या तारेवरून. आई झोना हिच्या आग्रहाने पुढे तो आठवड्यातून एकदा वर्गात जाऊ लागला. लोक टक लावून पाहतील, ही त्याची धास्ती. पाहिलेही, पण एखाद्या सिनेनटाकडेही लोक असेच पाहतात, अशी त्याने मनाची समजूत घातली.

अभ्यास पूर्ण झाला आणि शालान्त प्रमाणपत्र अडले. कारण? वाहनचालन आणि शारीरिक शिक्षण हे दोन विषय राहिले होते! नियमाचे इतके आंधळे पालन क्वचितच आढळते. झोनाने शाळामंडळापर्यंत दाद मागितली, तेव्हा कुठे ते हाती पडले.

पुढचा अडसर राज्याच्या पुनर्वसन खात्याचा. हा मुलगा कधीच नोकरी करू शकणार नाही, मग शिक्षणाचा खर्च कशाला, असा तेथील समुपदेशकाचा हिशेब. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर खाते नमले. बर्कली विद्यापीठातील एकाही वसतिगृहाची जमीन सुमारे ३६० किलोंचे ते यंत्र पेलण्याजोगी नव्हती. अखेर विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयातील खोलीच त्याचे वसतिगृह झाली. हे १९६२ चे वर्ष. त्याच वर्षी जेम्स मेरेडिथ हा कृष्णवर्णीय विद्यार्थी सैन्याच्या बंदोबस्तात मिसिसिपी विद्यापीठात दाखल झाला. बर्कलीत गोळी सुटली नाही, म्हणून ती घटना पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही.

पुढच्याच वर्षी जॉन हेस्लर आला, मग आणखी काही जण. रुग्णालयातील ह्या मुलांनी स्वतःस ‘रोलिंग क्वाड्स’ असे नाव घेतले. दयेची याचना त्यांनी केली नाही. चाकाच्या खुर्चीची दुरुस्ती, मदतनीस आणि पदपथांना उतार, एवढ्या रोकड्या मागण्या केल्या. १९७० मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र योजना सुरू झाली. १९७२ मध्ये गावात ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे राहिले.

१९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी राज्याच्या पुनर्वसन खात्याचा नवा संचालक नेमला. तो एड रॉबर्ट्स होता.