घोडा का अडला?

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा ओहोटी पाहून करायची असते. आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा कालभैरव असे दर्शन आटोपून कातळातल्या पायऱ्या उतरल्या की एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. ही वाट माणसाच्या पायांची, इथे घोड्याचे काही काम नाही. एकूण कोकणातच घोड्याला काम कमी. जांभ्याचे चढउतार, मध्ये मध्ये खाड्या, चार महिने पाऊस. माल होडीने जायचा आणि माणूस पायी, फार तर मेण्यातून.

तरी याच हरिहरेश्वराला कुलदैवत मानणारे श्रीवर्धनचे भट घाट चढून गेले. बाळाजी विश्वनाथ 1713 मध्ये पेशवे झाले, आणि त्यांच्या मुलाने तर निम्मे आयुष्य घोड्यावर काढले. 1728 मध्ये पालखेडला निजामाची कोंडी आणि 1737 मध्ये थेट दिल्लीच्या वेशीवर धडक, हे सगळे घोड्याच्या पाठीच्या जोरावर. तोफा मागे राहिल्या तरी चालत, पण पाठ सोलवटलेला घोडा मागे राहिला की एक स्वार कमी झाला. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. त्यामुळे घोडा पाठीने गेला तर शिलेदाराचे घर बुडायचे आणि बारगिराचा तोटा पागेच्या हिशेबात जायचा. घोड्याच्या पाठीवरच्या उपचारांची कुळकथा इथूनच सांगावी लागते, कारण शस्त्रक्रिया हे तिच्यातले अगदी अलीकडचे पान आहे.

त्याआधीची सगळी पाने खोगिराची. खोगीर हा शब्द फारसीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ घाम टिपणारे. पाठीच्या दोन्ही बाजूंना भरीव गाद्या, मध्ये कण्याला मोकळी जागा, वर तंग आवळलेला. सगळी मदार त्या गाद्यांतल्या भरणावर. कापूस, लोकर नीट पिंजून भरली तर स्वाराचे वजन पसरते. चिंध्या, गवत, जे हाती लागेल ते कोंबले तर त्याचे गोळे होतात आणि प्रत्येक गोळा पाठीत रुततो. आपण निरुपयोगी भरताडाला खोगीरभरती म्हणतो ते यावरूनच. स्वाराला ती चेष्टेची गोष्ट वाटत असेल, घोड्याला नव्हती.

वैद्यकही होतेच. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेली अश्वशास्त्राची परंपरा जुनी. तिचे नाव इतके पक्के बसले होते की इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेतही देशी घोडेवैद्याला सलोत्रीच म्हणत. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासातही घोड्यांची निगा आली आहे. लेप होते, शेक होते, रक्त काढणे होते, तापल्या लोखंडाने डागणे होते. पाठीवर दिसणाऱ्या जखमेला यांतले काही ना काही लागू पडे. पण कातडी धड आहे, सूज नाही आणि तरी घोडा पाठीवर हात ठेवू देत नाही, अशा वेळी शास्त्र गप्प बसे आणि चाबूकस्वार पुढे येई. घोडा खोडीचा ठरे. विकत घेतानाही लोक अंगावरचे भोवरे मोजत, शुभ-अशुभ ठरवत, पण बोटे दाबत कण्यावरून हात फिरवणारा गिऱ्हाईक विरळाच. अडेल तट्टू ही शिवी आपण माणसांनाही देतो. त्या तट्टाला काय दुखत होते, हे कोणी विचारले नाही.

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या कोड्याचे उत्तर शाळकरी पोरालाही येते: न फिरवल्यामुळे. उत्तर चतुर आहे, पण घोड्यापुरते अर्धेच. काही घोडे अडतात ते फिरवले म्हणून, आणि पाठीवर माणूस घेऊन फिरवले म्हणून.

घोड्याला छातीचे मणके अठरा, त्यामागे कमरेचे साधारण सहा. प्रत्येक मणक्यातून वर एक हाडाची पात निघते. या पाती फणीच्या दातांसारख्या ओळीने उभ्या, मध्ये फट आणि फटीत चिवट बंध. पाठ खाली दबली, पोट सैल सुटले, मान वर ताठली की पातींची टोके जवळ येतात. मग ती एकमेकांना टेकतात, घासतात, कधी एकावर एक चढतात. हाड झिजते, कडा दाट होतात, बंध सुजतो. हे सर्वांत जास्त घडते तेराव्या ते अठराव्या मणक्याच्या पट्ट्यात, म्हणजे नेमके खोगिराखाली. तंग आवळताना चावायला धावणारा, खरारा फिरवताना अंग चोरणारा, अडथळ्यासमोर थबकणारा घोडा पुष्कळदा हे दुखणे सांगत असतो. इंग्रजीत या आजाराला ‘किसिंग स्पाइन्स’ असे लाडिक नाव आहे. एखाद्या यातनेला इतके गोड नाव दिल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

सगळा दोष स्वाराच्या माथी मारता येत नाही. अमेरिकेत माणूस घोड्यावर बसायच्या कितीतरी आधी नामशेष झालेल्या इक्वस ऑक्सिडेंटालिस या घोड्याच्या सांगाड्यांतही अशा एकमेकींवर चढलेल्या पाती सापडल्या. ए. एम. क्लाईड यांनी 1989 मध्ये ते नोंदवले. आजार घोड्याच्या घडणीतच दडलेला, माणूस वर बसला आणि तो बोलू लागला.

आधुनिक पशुवैद्यक आपल्याकडे आले ते घोड्यासाठीच. ट्राम घोड्यांच्या, फौज घोड्यांची, शर्यतींचे महालक्ष्मी नुकतेच उभे राहिलेले, अशा मुंबईत 1886 मध्ये परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय त्याच आवारात. जेम्स हेन्री स्टील पहिले प्राचार्य. त्याच काळात, 1891 मध्ये, हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फ्रेडरिक स्मिथ या लष्करी पशुवैद्याचे खोगीर आणि सोलवटलेल्या पाठी एवढ्याच विषयावरचे पुस्तक निघाले. त्याचा रोख साधा होता: जखमेवर मलम लावण्याआधी खोगीर तपासा. पुढच्याच दशकात बोअर युद्धात इंग्रज फौजेचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. उपासमार, रोगराई, अतिश्रम आणि दुर्लक्ष ही त्याची कारणे. घोडे मेले ओझ्याने, शिंगरू मेले हेलपाट्याने, ही म्हण त्या युद्धाला पुरेपूर लागू पडते.

पाठीच्या हाडाला सुरी लागली ती पहिल्यांदा वेगळ्याच दुखण्यासाठी. मानेमागच्या उंचवट्यात पू झाला की तो आत झिरपतो आणि पातीचे टोक कुजते. ते कुजके टोक काढून टाकण्याची रीत जुन्या शल्यवैद्यांना ठाऊक होती, आणि टोक गेले तरी घोडा चालतो हेही त्यांनी पाहिले होते. कुजलेले नव्हे तर टेकलेले टोक काढायचे, ही पुढची उडी 1968 मध्ये ई. जे. रॉबर्ट्स यांनी घेतली. 1975 मध्ये लिओ जेफकॉट आणि जॉन हिकमन यांनी तीच वाट पक्की केली. जेफकॉट यांचे खरे काम मात्र सुरीपेक्षा क्ष-किरणांचे. घोड्याची पाठ इतकी जाड की साध्या यंत्राला तिच्यात काही दिसत नाही. त्यांनी चित्र नीट मिळवण्याची पद्धत बसवली आणि 1980 मध्ये पाठदुखीच्या 443 घोड्यांचा आढावा मांडला. अडेल तट्टू खोडीचा नसून आजारी आहे, हे पहिल्यांदाच कागदावर दाखवता आले.

इथे एक गाठ आहे. चित्रात पाती टेकलेल्या दिसतात आणि घोडा मजेत उड्या मारतो, असे कितीतरी घोडे सापडतात. म्हणून नुसत्या फोटोवर सुरी उचलायची नसते. संशयाच्या फटींत बधिरतेचे इंजेक्शन द्यायचे आणि घोडा पुन्हा चालवून पाहायचा. चाल सुधारली तर दुखणे तिथलेच.

सुरुवातीला घोड्याला पूर्ण बेशुद्ध करून आडवे पाडत आणि एकाआड एक पातींची टोके करवतीने उतरवत. पाचशे किलोचे जनावर आडवे पाडणे आणि शुद्धीवर येताना धडपडून पाय मोडू न देणे, हीच अर्धी शस्त्रक्रिया. तरी निकाल चांगले होते. 2002 मध्ये वॉल्म्सली आणि सहकाऱ्यांनी 215 घोड्यांचा हिशेब दिला, त्यांतले 72 टक्के पूर्ण कामावर परतले. मग गुंगी देऊन उभ्या घोड्यावरच हे काम होऊ लागले. 2012 मध्ये रिचर्ड कूमर यांनी हाडाला हातच न लावण्याची युक्ती मांडली: बोटाच्या पेराएवढ्या छेदातून कात्री सरकवायची आणि पातींमधला ताणलेला बंध तेवढा कापायचा. बंध सुटला की पाती हलायला मोकळ्या होतात. त्यांच्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या 95 टक्के घोड्यांची पाठदुखी गेली, तर नुसत्या इंजेक्शनवाल्यांत टिकाऊ आराम निम्म्यांनाही मिळाला नाही. करणाऱ्यानेच मोजलेले आकडे जरा जपून घ्यावेत, पण दिशा स्पष्ट आहे. सुरी लहान होत गेली.

फिरवणे मात्र वाढत गेले, आणि माझ्या मते श्रेय तिकडे जायला हवे. दुखणाऱ्या कण्यालगतचे खोलवरचे लहान स्नायू आक्रसून जातात. बंध कापला तरी ते आपोआप भरत नाहीत, आणि ते भरले नाहीत तर पाठ पुन्हा दबते. म्हणून टाके निघाले की आधी हाताने धरून चालवणे, मग लांब दोरीवर वर्तुळात फिरवणे, मान खाली आणि पाठ वर उचललेली. जमिनीवर दांडे टाकून त्यांवरून पावले उचलायला लावायची, दोन पावले मागे घ्यायची, थोडा चढ चढवायचा. गाजर दाखवून घोड्याला मान कधी छातीकडे, कधी कुशीकडे, कधी मागच्या खुराकडे वळवायला लावायची आणि तिथे क्षणभर थांबवायचे. नॅरेल स्टब्ज यांनी 2011 मध्ये दाखवले की एवढ्याशा गाजराच्या व्यायामाने तीन महिन्यांत ते खोल स्नायू मोजता येतील इतके जाड होतात. पाठीवर माणूस येतो तो कित्येक आठवड्यांनी, आणि हाड कापले असेल तर आणखी उशिरा. वारीच्या रिंगणात अंकलीच्या शितोळ्यांकडून येणारा माउलींचा अश्व मोकळ्या पाठीने धावतो, त्याच्यावर स्वार नसतो. तिथे कारण भक्तीचे. दुखऱ्या पाठीच्या घोड्याला वैद्यही काही काळ तेच पथ्य सांगतो.

ही शस्त्रक्रिया शर्यतीच्या आणि उड्यांच्या घोड्यांची आहे. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसे नेणाऱ्या घोडागाडीच्या घोड्याला किंवा माथेरानच्या तट्टाला ती मिळणार नाही. यंत्रे आणि औषधे यांचा खर्च तट्टाच्या किमतीच्या पुढे जातो. त्यांच्या वाट्याला उरते ते जुनेच: नीट भरलेले खोगीर, विश्रांती, रिकाम्या पाठीने फेरफटका आणि वजनाची मर्यादा. साधारण अंदाज असा की घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाठीवर घेऊ नये. तीनशे किलोच्या तट्टाला म्हणजे साठ किलो, खोगीर धरून. कायदा थोडा सैल आहे. ओझ्याच्या जनावरांविषयीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी तट्टाच्या पाठीवरचे ओझे 70 किलोंवर थांबवले आहे.

तेव्हा किनाऱ्यावर घोड्यावर बसायचे मनात आले तर घोडेवाल्या दादांना आधी खोगीर उचलायला सांगा. कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात सावकाश फिरवा. घोडा पाठ खाली दाबत असेल, कान मागे टाकत असेल, तर पैसे द्या आणि बसू नका. आणि खोगीर धरून वजन साठच्या पुढे जात असेल तर मुलाला बसवा, आपण शेजारून चाला.