डिकी खाणाऱ्या टाकीचे कूळ

पेट्रोलची गाडी गॅसवर करून घेणे ही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शहरांतल्या धुरावर निघालेली तोड आहे, असा आपला साधारण समज असतो. कूळ शोधायला गेले की क्रम उलटा निघतो. इंजिन आधी गॅसवरच चालले, पेट्रोल त्याच्या पोटात नंतर गेले. पॅरिसमध्ये एतियेन लेन्वारने १८६०मध्ये चालवून दाखवलेले इंजिन आणि जर्मनीत निकोलाउस ऑटोने १८७६मध्ये बांधलेले फोर-स्ट्रोक इंजिन, दोन्ही दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर चालत. मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवेही त्याच दशकांत अशाच गॅसवर पेटू लागले होते.

ही इंजिने कारखान्यात एका जागी उभी असत आणि गॅस त्यांच्याकडे नळाने येई. इंजिन चाकांवर चढले आणि नळ मागे राहिला. पेट्रोल डब्यात मावते, ओतता येते, गावोगाव नेऊन ठेवता येते, म्हणून रस्त्यावर ते जिंकले. इंजिनाला गॅस कधीच वर्ज्य नव्हता. प्रश्न होता तो एवढाच, की गॅस बरोबर न्यायचा कशात? गॅसवरच्या गाडीची पुढची सगळी कुळकथा या भांड्याभोवती फिरते.

पहिले भांडे कापडी होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पेट्रोलची चणचण झाली, तेव्हा अख्खे टप व्यापणारी रबरी अस्तराची पिशवी बसवर आणि मोटारींवर बांधून तीत गावच्या गॅस कारखान्यातला गॅस भरू लागले. पिशवीत दाब नाही, त्यामुळे धोका कमी आणि करामतही थोडी. पण असा साधारण दोन घनमीटर गॅस जाळावा तेव्हा एक लिटर पेट्रोलचे काम होते. एवढा पसारा डोक्यावर घेऊन गाडी थोडेच मैल जाई आणि परत गॅस भरायला वळे. युद्ध संपले, पिशव्या उतरल्या.

दुसऱ्या महायुद्धात लोकांनी गॅसचे भांडे टाळून गॅस बनवण्याची भट्टीच गाडीवर चढवली. जॉर्जेस एम्बेर या रसायनतज्ज्ञाच्या धाटणीच्या भट्ट्या युरोपात लाखोंच्या संख्येने बसल्या. लाकूड किंवा कोळसा अर्धवट जाळायचा आणि निघालेला गॅस गाळून, थंड करून इंजिनाला द्यायचा. आपल्याकडेही पेट्रोलचे रेशनिंग आले आणि सर्व्हिस मोटारींच्या मागे लोणारी कोळशाच्या भट्ट्या लागल्या. निघण्याआधी भट्टी फुलवायची, राख काढायची, घाटात दम तुटला की उतारूंनी खाली उतरायचे, हा त्या काळच्या प्रवासाचा भागच होता. या गॅसमध्ये जळण्याजोगा भाग मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडचा. तो विषारी, आणि ताकदीलाही कमी. पेट्रोल परत मिळू लागताच भट्ट्या भंगारात गेल्या.

आजच्या किटचे खरे घराणे इटलीचे आहे. अबिसीनियावरच्या स्वारीमुळे १९३५मध्ये राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले आणि मुसोलिनीच्या राजवटीने स्वावलंबनाचा धोशा लावला. देशात तेल जवळजवळ नव्हते, पण पो नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली मिथेन होता. पुढे १९४४मध्ये मिलानजवळ काव्हियागा येथे मोठा साठा लागला. युद्धानंतर सरकारी तेल कंपनी मोडीत काढण्याचे काम एन्रिको मात्तेईवर सोपवले होते. त्याने ती मोडायचे नाकारले आणि याच गॅसच्या जोरावर वाढवली.

मिथेनची खोड अशी, की उणे ८२ अंश सेल्सिअसच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. घरच्या सिलिंडरातला एलपीजी थोड्या दाबाने पातळ होतो, मिथेन होत नाही. त्याला वायुरूपातच सुमारे २०० बार दाबाखाली कोंबावे लागते. मोकळ्या हवेत एक किलो मिथेनला १४०० लिटरच्या आसपास जागा लागते. एवढ्या दाबाखाली तो सहा-सात लिटरांत बसतो. त्यासाठी भांडे मात्र जाड पोलादाचे, बिनजोडाचे हवे. कापडी पिशवीची जागा पोलादी नळकांड्याने घेतली आणि टपावरचे ओझे डिकीत उतरले. दाब उतरवणारा रिड्यूसर, हवेत गॅस मिसळणारा मिक्सर, पेट्रोल-गॅसचा खटका यांचे छोटे छोटे कारखाने उत्तर इटलीत निघाले. लांदी रेंझो ही कंपनी १९५४ची, लोव्हातो १९५८ची. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत ही नावे आज कोणाला नवी नाहीत.

तेलाच्या दुसऱ्या भडक्यात, १९७९मध्ये, न्यूझीलंडने हीच वाट धरली. त्यांच्या माउई या समुद्री क्षेत्रात गॅस मुबलक होता. सरकारने कर्जे आणि अनुदाने दिली, आणि काही वर्षांतच लाखाहून अधिक गाड्या गॅसवर आल्या. मग सवलती आटल्या, १९८६मध्ये तेल गडगडले आणि हा सगळा उद्योग विरून गेला. तंत्र तेच होते, किट तेच होते, पण पेट्रोल स्वस्त झाल्यावर डिकी कोण अडवून ठेवील?

भारतात या घराण्याचा पाया महाराष्ट्राच्या समुद्रात पडला. सागर सम्राट जहाजाने १९७४मध्ये बॉम्बे हायला तेल शोधले आणि तेलाबरोबर गॅसही आला. काही काळ त्यातला बराच गॅस समुद्रावरच जाळून टाकावा लागे. पुढे उरणपर्यंत वाहिनी आली, गेल कंपनी १९८४मध्ये स्थापन झाली आणि १९९२-९३मध्ये दिल्ली, मुंबई व बडोद्यात गाड्यांना सीएनजी, म्हणजे असा दाबून भरलेला नैसर्गिक वायू, देण्याचे प्रयोग सुरू झाले. महानगर गॅस १९९५मध्ये निघाली.

प्रयोगाची सक्ती झाली ती न्यायालयांमुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीच्या सगळ्या बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. मुदती वाढत गेल्या, पंपांवर रात्रभर रांगा लागल्या, आणि एप्रिल २००२मध्ये डिझेल बसवर रोज ५०० रुपये दंड बसला, तेव्हा कुठे बस वळल्या. मुंबईत स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या १९९९च्या याचिकेवरून उच्च न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली आणि जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधन घेणे भाग पडले. या टॅक्सी म्हणजे मुख्यतः प्रीमियर पद्मिनी. तिचे मूळ फियाट ११०० डिलाइटमध्ये, म्हणजे इटलीतच. कुर्ल्यात बनलेल्या इटालियन वंशाच्या गाडीत इटालियन वळणाचे किट बसले आणि त्यात समुद्रातला गॅस जळू लागला.

खासगी गाडीवाल्याने हे टॅक्सीकडे पाहूनच उचलले. त्याआधी काहींनी मारुती व्हॅनमध्ये चोरून घरगुती सिलिंडर लावले होते. तो प्रकार बेकायदा तर होताच, जिवावरही बेतणारा होता. सीएनजीचे किट बसवण्याची रीत निराळी. डिकीत साठ लिटरची टाकी, तिच्यात नऊ-दहा किलो गॅस, टाकीचे स्वतःचे वजन त्याहून कितीतरी जास्त. गाडीखालून पोलादी नळी बॉनेटमध्ये येते. रिड्यूसरमध्ये दाब उतरताना गॅस इतका गार होतो, की रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याच्याभोवती इंजिनाचे गरम पाणी फिरवावे लागते. मिथेन सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पाडतात. तो हवेची जागा अडवतो, म्हणून पिकअप थोडा मरतो. कार्ब्युरेटरच्या दिवसांत मिक्सरवर भागत असे. इंजेक्शनच्या गाड्या आल्या, तसे प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारे सिक्वेन्शियल किट आले. त्यातला इम्युलेटर गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, पेट्रोलचे इंजेक्टर चालूच असल्याचे भासवतो.

कायद्याने या फेरबदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये जागा दिली. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते, टाकीला नागपूरला मुख्यालय असलेल्या स्फोटके विभागाची मान्यता लागते. धुराचे बीएस-६ निकष आल्यावर नव्या पेट्रोल गाड्यांत किट बसवण्याची वाट बंद होती. ती ऑगस्ट २०२२च्या अधिसूचनेने उघडली.

मधल्या काळात कारखान्यांनी गॅरेजवाल्याचे काम स्वतःकडे घेतले. मारुतीने २०१०मध्ये कंपनीतूनच सीएनजी बसवलेल्या गाड्या आणल्या. त्यांत कोरड्या गॅससाठी टणक व्हॉल्व्ह सीट असतात. टाटांनी २०२३मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाखाली घातल्या आणि डिकी बरीचशी परत दिली. आकुर्डीच्या बजाजने जुलै २०२४मध्ये दोन किलो गॅसची टाकी मोटारसायकलच्या सीटखाली बसवून दाखवली. शंभर वर्षांत भांडे टपावरून डिकीत, डिकीतून तळाखाली आणि शेवटी सीटखाली आले.

हे कूळ पाहता एक निर्णय देता येतो: गॅसचे किट नेहमी टंचाई, भाव किंवा हुकूम यांच्या मागून आले आहे, निव्वळ हौसेने कधीच नाही. तेव्हा ज्याची गाडी रोज बरीच धावते त्यानेच हा खर्च करावा. आठवड्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीत डिकी आणि पिकअप दोन्ही घालवण्यात शहाणपण नाही. किट आपल्याच मॉडेलसाठी मंजूर आहे ना ते पाहावे, आरसीवर आणि विम्यात नोंद करावी. आणि टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी व्हायलाच हवी. तिच्यावरची तारीख उलटली असेल, तर गाडी गॅस भरायला नेऊ नका, आधी चाचणीला न्या.