राजपुत्राच्या उड्या : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची जुनी आणि नवी रूपे

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा व्हिडिओ गेम ब्रॉडरबंड या अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी बाजारात आणला. प्रोग्रामिंग, चित्रे, गोष्ट हे सारे जॉर्डन मेकनर या पंचविशीतल्या तरुणाने जवळजवळ एकहाती केले होते. संगीत मात्र त्याच्या वडिलांचे, फ्रान्सिस मेकनर यांचे. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने ‘कराटेका’ हा मारामारीचा खेळ लिहिला होता आणि १९८४ मध्ये तो चांगला खपलाही होता. दुसऱ्या खेळाला चार वर्षे लागली. मध्यंतरी चित्रपटाच्या पटकथा लिहिण्याच्या नादाने काम बराच काळ बाजूला पडले होते.

गोष्ट चार ओळींची आहे. सुलतान लढाईवर गेला आहे आणि राज्य वजीर जाफरच्या मुठीत आहे. राजकन्येने तासाभरात लग्नाला होकार द्यायचा, नाहीतर मरायचे. तिचा प्रियकर तळघरात कैदेत आहे. खेळणाऱ्याने त्याला साठ मिनिटांत वरच्या मनोऱ्यापर्यंत न्यायचे. वाटेत सुळ्यांचे खड्डे, पायाखालून निसटणाऱ्या फरश्या, कात्रीसारखी मिटणारी पाती आणि तलवारी घेतलेले पहारेकरी. मेल्यावर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही. या एका नियमामुळे प्रत्येक चूक महाग पडे.

मात्र खेळ लोकांच्या मनात बसला तो राजपुत्राच्या चालण्याने. त्या काळात पडद्यावरची पात्रे कळ दाबताच टुणकन उडत आणि हवेतच दिशा बदलत. मेकनरचा राजपुत्र माणसासारखा धावे. धावता धावता उलट वळायचे तर आधी पाय घसरून थांबे, उडीसाठी झेप घेई, कड्याला हातांनी लोंबकळे, मग अंग वर ओढून घेई. एक मजला खाली पडला तर सावरे, दोन मजले पडला तर दुखापत होई, तीन मजल्यांवरून पडला तर खेळ खलास. शिफ्टची कळ दाबून पाऊल पाऊल सरकत कड्याच्या टोकापर्यंत जायचे आणि मगच उडी घ्यायची, ही युक्ती कळली की निम्मा खेळ कळला.

ही चाल आली कुठून, याची हकिकत मेकनरने स्वतःच्या रोजनिशीत तपशिलाने लिहून ठेवली आहे. १९८५ मध्ये त्याने आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालायला लावून धावायला, उडी मारायला, भिंतीवर चढायला सांगितले आणि त्याचे व्हिडिओ चित्रण केले. ती टेप थांबवत थांबवत टीव्हीच्या पडद्याचे साध्या कॅमेऱ्याने फोटो काढले, ते धुऊन आणले, आकृतीच्या कडा काळ्या मार्करने आणि पांढऱ्या शाईने गिरवून स्पष्ट केल्या आणि मग ती चित्रे संगणकात उतरवली. तलवारबाजीसाठी भाऊ उपयोगाचा नव्हता. तिथे १९३८ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातले एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांचे द्वंद्व कामी आले. त्यात दोघे काही सेकंद बाजूने स्वच्छ दिसतात, तेवढेच पुरले.

ॲपल टूची स्मृती तुटपुंजी होती. राजपुत्राच्या हालचालींनीच ती इतकी भरली की शत्रूचे वेगळे चित्र ठेवायला जागा उरेना. मूळ आराखड्यात लढाई नव्हतीच. पण टोमी पियर्स ही सहकारी मेकनरच्या मागे लागली की खेळात कुणाशी तरी झुंज हवी. तोड अशी निघाली की राजपुत्राचेच चित्र किंचित सरकवून स्वतःवर ठेवायचे आणि दोन्ही सारखे असतील तिथले ठिपके पुसायचे. उरते ती झगमगती बाह्याकृती. हाच तो छायापुरुष. चौथ्या लेव्हलमध्ये आरशातून उडी मारताना तो राजपुत्राच्या अंगातून निघतो, पुढे त्याच्या तोंडची कुपी पळवतो, ऐन वेळी दार बंद करतो. शेवटाकडे तो तलवार उपसून समोर उभा राहतो आणि त्याला मारले तर राजपुत्रही मरतो. तलवार म्यान करून त्याच्या दिशेने धावत गेले की दोघे एक होतात. आधीच्या सगळ्या लेव्हल्सनी शिकवलेले विसरायला लावणारी ही जागा खेळातली सर्वोत्तम म्हणावी लागेल, आणि ती सुचली स्मृतीच्या टंचाईतून.

१९८९ मध्ये ॲपल टूचे दिवस भरले होते, त्यामुळे सुरुवातीला खप बेताचाच झाला. खेळ फोफावला तो इतर यंत्रांवर आल्यानंतर. १९९० मध्ये डॉसची आवृत्ती आली. जपान आणि युरोपात त्याचे नाव झाले. १९९२ च्या सुपर निंटेंडो आवृत्तीत बाराच्या वीस लेव्हल्स आणि तासाचे दोन तास झाले. जुन्या खेळाला नवा साज चढवण्याची रीत इथूनच सुरू झाली म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात हा खेळ माहीत झाला तो डॉसमधून. नव्वदच्या दशकात शाळेचा संगणक कक्ष, कॉम्प्युटर क्लास, एखाद्या काकांचे ऑफिस अशा ठिकाणी तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवला जाई. अधिकृत खोका आणि त्यातली माहितीपुस्तिका फार थोड्यांनी पाहिली. नकला रोखण्यासाठी कंपनीने पहिल्या लेव्हलनंतर एक दालन ठेवले होते. तिथे अक्षरे लिहिलेल्या कुपी मांडलेल्या असत आणि पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या कुपीवर असेल तीच प्यावी लागे. पुस्तिका नसणाऱ्याने काय करायचे? मग हे कुलूप फोडलेल्या प्रती फिरू लागल्या. खेळ सुरू करताना त्याच्या नावापुढे ‘मेगाहिट’ हा शब्द टाइप केला की चीट चालू होते, शिफ्ट आणि एल दाबले की लेव्हल ओलांडता येते, ही विद्या मात्र एकाकडून दुसऱ्याकडे तोंडीच गेली. शिफ्ट-एलची किंमत होती. चीट चालू न करता ती वापरली तर शिल्लक वेळ पंधरा मिनिटांवर येई.

१९९३ मध्ये दुसरा भाग आला. १९९९ चा त्रिमितीय भाग सपशेल पडला. त्यानंतर नावाचे हक्क वापरून युबिसॉफ्ट या कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओने २००३ मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’ केला. गोष्ट मेकनरनेच लिहिली. हा जुन्या खेळाचा रिमेक नव्हता, तरी जुन्याचा जीव कशात होता हे त्याच्या कर्त्यांना नेमके उमगले होते. भिंतीवरून धावणारा, खांबावर चढणारा नवा राजपुत्र प्रत्येक हालचालीत वजनदार वाटतो. घड्याळाचा जाचही इथे उलटा केला आहे. जादूच्या खंजिरातली वाळू वापरून काही सेकंद मागे जाता येते, म्हणजे चुकलेली उडी पुसता येते. तलवारबाजी तेवढी रटाळ आहे. या गोष्टीची सुरुवात भारतातल्या एका महाराजाच्या किल्ल्यावरील हल्ल्याने होते आणि नायिका फराह ही त्याच महाराजाची मुलगी आहे.

मूळ खेळाचा खराखुरा रिमेक २००७ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक’ या नावाने आला. तो गेमलॉफ्टने केला. खोल्यांची रचना आणि सापळ्यांच्या जागा बव्हंशी जुन्याच होत्या. चित्रे त्रिमितीय झाली, मशाली आणि भिंती उजळल्या, राजपुत्राला थोड्या नव्या हालचाली मिळाल्या. लहानपणी डॉसवर खेळलेल्यांना वाट तोंडपाठ असे, पण हात अडखळत. जुन्या खेळात कळ दाबल्यापासून पाय उचलेपर्यंतचा क्षण बोटांनी पाठ केलेला होता आणि तो जरा बदलला तरी नेहमीची उडी खड्ड्यात जाई.

चाहत्यांनी उलटा रस्ता धरला. २०१२ मध्ये मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात मूळ सोर्स कोडच्या फ्लॉपी सापडल्या. जुन्या चकत्यांतली माहिती वाचण्यात मुरलेल्या जाणकारांनी ती उतरवून घेतली आणि मेकनरने सगळा कोड त्याच वर्षी इंटरनेटवर खुला केला. पुढे डॉस आवृत्तीचा यंत्रकोड ओळीओळीने उलगडून आजच्या संगणकांवर चालणारी हुबेहूब प्रतही चाहत्यांनी तयार केली. मुळातल्या चुका दुरुस्त करायच्या की तशाच ठेवायच्या, हे त्यात खेळणारा स्वतः ठरवू शकतो. दृश्यांना हात न लावता केलेली ही प्रत कंपनीच्या चकचकीत रिमेकपेक्षा जुन्या खेळाच्या अधिक जवळ जाते.

रिमेकचा सर्वांत मोठा प्रयत्न पुण्या-मुंबईत झाला. गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ युबिसॉफ्टने २००८ मध्ये घेतला होता आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा सुरू केला होता. सप्टेंबर २०२० मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’च्या रिमेकची घोषणा झाली, तेव्हा काम या दोन स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर झाले. एवढ्या नावाजलेल्या खेळाची मुख्य जबाबदारी भारतातल्या चमूकडे येणे ही तेव्हा विरळा गोष्ट होती. राजपुत्राचा आवाज मूळचाच, युरी लोवेन्थल यांचा. पण पहिल्याच झलकेवर टीका झाली. चेहरे निर्जीव, प्रकाशयोजना जुनाट, चित्रे एक पिढी मागची, असा सूर होता. टीकेत तथ्य होतेच, पण खेळणारे ज्याच्याशी तुलना करत होते तो २००३ चा खेळही पडद्यावर तसा दिसत नव्हता. सतरा वर्षांत आठवणीने त्याला बराच रंग दिला होता.

प्रकाशन आधी जानेवारी २०२१ चे ठरले होते, ते मार्चवर गेले आणि मग बेमुदत लांबले. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे, म्हणजे २००३ चा खेळ जिथे घडला तिथे, परत सोपवण्यात आले. आगाऊ नोंदणी केलेल्यांना पैसे परत मिळाले. २०२४ मध्ये २०२६ हे नवे साल जाहीर झाले. दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्टच्या माँपेलिए स्टुडिओने ‘द लॉस्ट क्राउन’ हा नवा भाग काढला. कुठल्याही जुन्या भागाची नक्कल न करता, बाजूने दिसणारा पडदा आणि अचूक उड्या या १९८९ च्या मुळाकडे तो परतला होता आणि समीक्षकांनी त्याचे कौतुक केले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने मोठी फेररचना करताना काही खेळ रद्द केले, त्यांत ‘सँड्स ऑफ टाइम’चा रिमेकही होता. २००३ ची मूळ आवृत्ती मात्र संगणकासाठी ऑनलाइन दुकानांत विकत मिळते. आजच्या रुंद पडद्यावर ती नीट बसवण्यासाठी चाहत्यांनी केलेल्या दुरुस्त्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात.