पाण्यावरून उडणाऱ्या बोटींचं घराणं

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाचं की वेस्ट हे हौशी बोटवाल्यांचं गाव. शिडाच्या होड्या, मासे धरायला निघालेल्या लाँच, लहानमोठ्या यॉट यांनी तिथले धक्के बारा महिने भरलेले. १९८०च्या दशकात याच गावी अमेरिकी नौदलाच्या सहा बोटींचं ठाणं होतं : पेगॅसस, हर्क्युलिस, टॉरस, अक्विला, एरीज आणि जेमिनी. धक्क्यावरून निघताना त्या चारचौघींसारख्याच पाण्यात पोट टेकून, डिझेल इंजिनांवर संथ चालायच्या. मोकळं पाणी लागलं की पोटातलं गॅस टर्बाइन सुरू व्हायचं, वेग चढायचा आणि बघता बघता ४० मीटर लांबीची, २४० टनांची ती आख्खी बोट पाण्याबाहेर उचलली जायची. पाण्यात उरायचे फक्त तीन खांब आणि त्यांच्या तळाशी असलेले पंख. वेग ४८ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ९० किलोमीटर. वळण घेताना ती विमानासारखी आतल्या अंगाला कलायची.

३० जुलै १९९३ रोजी या सहाही हायड्रोफॉइल बोटी एकाच दिवशी नौदलातून निवृत्त झाल्या. त्याला तीन दशकं उलटून गेली, तरी हौशी बोटवाल्यांच्या मनातून त्या उतरलेल्या नाहीत. कुठली भंगारात गेली, कुठली वाचली, एखादी विकत मिळाली असती तर तिची यॉट करता आली असती का, ही चर्चा थांबतच नाही. जुने रणगाडे किंवा तोफा जमवणाऱ्यांची हौस निराळी. इथे ओढ क्षेपणास्त्रांची नाही, त्या उडण्याची आहे. या बोटींचं कूळ तपासलं की त्या ओढीचं कारणही कळतं. हायड्रोफॉइल नौदलाच्या घरात जन्मलेलीच नाही. ती तळ्याकाठच्या हौशी माणसांची लेक, मधली काही वर्षं नौदलाकडे नांदायला गेलेली.

बोटीचा खरा वैरी पाणीच. वेग वाढवावा तशी ती स्वतःच्याच लाटांचा डोंगर ढकलत राहते, आणि समुद्र खवळलेला असला की प्रत्येक लाटेचा दणका तळावर बसतो. पाण्याखाली पंख बसवले तर मात्र वेगाबरोबर ते बोटीला वर रेटतात. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असल्यामुळे विमानाच्या मानाने अगदी लहान पंख पुरतात. वेग दुप्पट झाला की उचल चौपट. बोटीचं पोट पाण्याबाहेर आलं की ओढ एकदम कमी होते, लाटा खालून निघून जातात आणि ज्यांना बोट लागते त्यांचेही हाल वाचतात.

हे पहिल्यांदा नीट जमवलं एन्रिको फोर्लानिनी या इटालियन संशोधकाने. हेलिकॉप्टर आणि हवाई जहाजांच्या प्रयोगांत रमलेला हा माणूस. मिलानच्या लिनाते विमानतळाला आज त्याचंच नाव आहे. १९०६ मध्ये उत्तर इटलीतल्या माज्जोरे सरोवरावर त्याने आपली बोट ताशी ६८ किलोमीटर वेगाने पळवली. तिचे पंख शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक बसवलेले होते. या शिडीतच सगळं कौशल्य होतं. वेग वाढला की बोट वर उचलली जाते आणि वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर येतात; उरलेल्या पायऱ्या नेमका भार पेलतात. बोट जास्त वर गेली तर पंख कमी पडतात आणि ती खाली येते, खाली आली तर पंख वाढतात आणि ती पुन्हा वर जाते. कुणी काही फिरवायला नको, यंत्र आपलं आपल्याला सावरतं. इतकं साधं आणि इतकं पुरेपूर उत्तर यंत्रविद्येत क्वचितच सापडतं.

टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल १९११ च्या सुमारास जगप्रवासात या सरोवरावर आला आणि फोर्लानिनीच्या बोटीत बसला. बरोबर त्याचा तरुण सहकारी केसी बाल्डविन होता. दोघंही कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला परतले ते याच ध्यासाने. ब्रा दोर सरोवराच्या काठी, बॅडेक गावाजवळ बेलची मोठी वाडी होती. तिथे एकामागून एक बोटी बांधल्या गेल्या. त्यांतली चौथी एचडी-४, सुमारे १८ मीटर लांब, सिगारच्या आकाराची, हवेत फिरणाऱ्या पंख्यांनी ढकलली जाणारी. तिच्यासाठी ३५० अश्वशक्तीची दोन लिबर्टी इंजिनं अमेरिकी नौदलाने दिली. ९ सप्टेंबर १९१९ रोजी तिने ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. पाण्यावर इतक्या वेगाने तोवर कुणीच गेलं नव्हतं. बेल तेव्हा ७२ वर्षांचा होता.

नौदलांनी बोट पाहिली, वाखाणली आणि घेतली मात्र नाही. एचडी-४ तिथेच काठावर वर्षानुवर्षं पडून राहिली. काठावर टाकून दिलेली ही घराण्यातली पहिली नामांकित बोट, आणि तिच्यानंतर बऱ्याच जणींच्या वाट्याला तेच आलं. तिचं मूळ धूड आज बॅडेकच्या संग्रहालयात आहे, शेजारी पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे.

मधला जर्मन अध्याय थोडक्यात सांगतो. हान्स फॉन शेर्टेलने १९२७ पासून या विषयाला वाहून घेतलं, दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलासाठी बोटी केल्या, आणि युद्धानंतर स्वित्झर्लंडमधून सुप्रामार कंपनीच्या नावाने प्रवासी हायड्रोफॉइल पाण्यात आणली. १९५३ मध्ये तिची पहिली फेरी सुरू झाली तीही माज्जोरे सरोवरावरच. रशियात रोस्तिस्लाव अलेक्सेयेवने राकेता आणि मेतेओर या नदीवरच्या बोटी काढल्या. शिवाय वोल्गा नावाची सहा माणसांची छोटी हायड्रोफॉइलही केली. हौशी माणसाच्या आवाक्यातली म्हणावी अशी ती बोट होती.

नौदलांना मात्र भर समुद्र हवा होता, आणि शिडीचे किंवा व्ही आकाराचे पंख तिथे थकतात. पाण्याचा पृष्ठभाग कापत जाणारा पंख प्रत्येक लाटेबरोबर बोटीला थोडं वरखाली नेतोच. पंख पूर्ण पाण्याखाली ठेवले तर लाटांचा त्रास जवळजवळ संपतो, पण आपोआप सावरण्याचा गुणही जातो. बोट काठीच्या टोकावर तोललेल्या थाळीसारखी होते. तो तोल माणसाच्या हातांनी राखणं शक्य नाही. बोइंगने तो इलेक्ट्रॉनिक्सवर सोपवला. पाण्यापासूनची उंची मोजणारी यंत्रं, कल ओळखणारे जायरो आणि हिसके मोजणारी उपकरणं मिळून पंखांवरच्या झडपा क्षणोक्षणी हलवत राहतात. विमान बनवणाऱ्या कंपनीला हे सुचावं यात नवल नाही. १९६२ मध्ये पाण्यात उतरलेली हाय पॉइंट ही अमेरिकी नौदलाची या जातीची पहिली बोट. बोइंगच्याच पुढच्या टकमकारी या बोटीने ढकलणारा पंखाही काढून टाकला आणि पाण्याचा झोत मागे फेकून पळण्याची रीत आणली. ती आणि ग्रुमन कंपनीची फ्लॅगस्टाफ या दोघी १९६९ मध्ये व्हिएतनामपर्यंत जाऊन आल्या. लॉकहीडने बांधलेली प्लेनव्ह्यू ही ६५ मीटरची, त्या काळची जगातली सर्वांत मोठी हायड्रोफॉइल.

कॅनडाने वेगळी वाट धरली. पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी बांधलेल्या त्यांच्या बोटीचे पंख पृष्ठभाग कापणारेच होते, आणि तिला नाव दिलं ब्रा दोर, बेलच्या सरोवराचं. ९ जुलै १९६९ रोजी तिने ६३ नॉट, म्हणजे ताशी ११७ किलोमीटर गाठले. पंखांच्या पोलादाला तडे जात होते, खर्च वाढत होता, आणि नौदलाचा विचारही बदलला. १९७१ मध्ये ती धक्क्याला लागली ती लागलीच. तिच्यावर शस्त्रं चढलीच नाहीत. माझ्या मते या घराण्यातली सर्वांत देखणी बोट हीच.

पेगॅससची हकीकत राजकारणाची आहे. अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांना महागड्या मोठ्या जहाजांच्या जोडीला लहान, स्वस्त, झपाट्याने वार करणाऱ्या बोटींचा ताफा हवा होता. पश्चिम जर्मनी आणि इटली भागीदार होते, आकडा १०० बोटींपर्यंत बोलला जात होता. झुमवॉल्ट १९७४ मध्ये निवृत्त झाले, भागीदार मागे सरले, आणि १९७७ मध्ये संरक्षणमंत्री हॅरॉल्ड ब्राउन यांनी पुढच्या बोटी रद्द करायला घेतल्या. अमेरिकी काँग्रेसने आग्रह धरला म्हणून सहा तरी झाल्या. आठ हार्पून क्षेपणास्त्रं आणि ७६ मिलिमीटरची तोफ घेऊन त्या कॅरिबियनमध्ये प्रामुख्याने अमली पदार्थांची चोरटी वाहतूक पकडत राहिल्या. त्या कामात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तरीही सहाच बोटींसाठी वेगळे सुटे भाग, वेगळा तळ आणि वेगळं प्रशिक्षण सांभाळणं नौदलाला जड गेलं. शीतयुद्ध संपताच कुऱ्हाड पडली.

मग त्यांचं काय झालं? हाय पॉइंट खासगी हातांत गेली आणि ऑरेगनमधल्या अ‍ॅस्टोरियाला वर्षानुवर्षं बांधून पडली. प्लेनव्ह्यूचं धूड कोलंबिया नदीच्या मुखाजवळच्या गाळात रुतलं. टकमकारी त्याआधीच, १९७२ मध्ये, पोर्तो रिकोजवळ प्रवाळांवर आदळून निकामी झाली होती. पेगॅससच्या भगिनींपैकी एकटी एरीज टिकली. शस्त्रं उतरवलेली ती बोट हौशी माणसांनी नद्यांमधून वर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, मिसूरी राज्यातल्या गॅस्कोनेडला नेली आणि तिचं स्मारक केलं.

यॉट करण्याचं स्वप्न मात्र कुणाला झेपण्यासारखं नव्हतं. टर्बाइन पूर्ण जोरात असताना इंधन तासाला हजारो लिटर जळतं. पंख खाली सोडून बोट उभी असली की तिला सुमारे सात मीटर खोल पाणी लागतं. बहुतेक मरिनांत एवढी खोली नसते. पंख उचलून घेतले तर दोन मीटरच्या आसपास भागतं, पण मग ती संथ आणि खर्चीक डिझेल बोट उरते. शिवाय तिचं एलएम २५०० हे टर्बाइन नौदलाच्या विनाशिकांवरही चालतं; भंगाराबरोबर ते सहसा मिळत नाही. उडण्याचं सामर्थ्यच काढून घेतलेली बोट हौशी माणसाच्या हाती पडते, आणि नुसत्या अ‍ॅल्युमिनियमवर त्याला समाधान मानावं लागतं.

वारसा आला तो दुसऱ्या वाटेने. नौदलाच्या बोटी धक्क्यांवर गंजत असताना पंख पुन्हा हौशी मंडळींकडे परतत होते. डेव्हिड कीपरने स्वतः बांधलेल्या विलीवॉ या शिडाच्या हायड्रोफॉइलने १९७० मध्येच कॅलिफोर्नियाहून हवाई गाठलं होतं. १९८० मध्ये फ्रान्सच्या एरिक ताबार्लीने पंखांच्या त्रिमरानने अटलांटिक ओलांडण्याचा १९०५ चा विक्रम मोडला. मॉथ नावाच्या एकट्याने चालवायच्या इवल्या होड्या पंखांवर उडू लागल्या, आणि २०१३ मध्ये अमेरिका चषकाच्या शर्यतीत प्रचंड कॅटामरान सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरून उडताना जगाने पाहिल्या. बोइंगने ज्यासाठी मोठी यंत्रणा उभारली तो तोल आज एक छोटासा संगणक राखतो; स्वीडनच्या कँडेला कंपनीच्या विजेवरच्या कौटुंबिक बोटी त्यावरच चालतात.

तरीही २४० टनांची बोट भर समुद्रात उचलून दाखवणं हे आजही मोठं धाडसच वाटतं. म्हणून या जुन्या बोटींभोवती घोटाळणाऱ्या हौशी माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. एरीज त्यांच्यामुळे राहिली. सरकारवर सोडलं असतं तर तीही वितळली असती.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचं आहे त्यांनी कॅनडात गेल्यावर क्वेबेकमधल्या लिलेला वाट वाकडी करून जावं. तिथल्या सागरी संग्रहालयात ब्रा दोर आपल्या पंखांसकट जमिनीवर उभी आहे. आणि स्वतः उडायचं असेल तर जपान गाठावा. टकमकारीच्या अनुभवावर बोइंगने १९७४ मध्ये जेटफॉइल ही प्रवासी बोट काढली, पुढे तिचा परवाना कावासाकीने घेतला. २०२० मध्ये त्यांनी बांधलेली नवी जेटफॉइल टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून ओशिमा बेटाला जाते. पावणेदोन तासांचा प्रवास आहे. तिकीट काढून कुणालाही बसता येतं.