विमान कोसळल्यानंतर

बेळगाव शहराच्या पूर्वेस सांबऱ्याच्या माळावर विमानांची धावपट्टी आहे. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ साली, ब्रिटिश विमानदळाने ती बांधली. जपानी फौजा तेव्हा ब्रह्मदेशात शिरल्या होत्या आणि पूर्वेकडील लढाईला पाठबळ देण्यासाठी हिंदुस्थानात ठिकठिकाणी असे तळ उभे राहत होते. पुढे १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवामुक्तीच्या मोहिमेत, याच धावपट्टीवरून सहा हंटर विमाने उडाली आणि बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला करून आली. आज तेथे विमानदळाचे जवान घडविणारे प्रशिक्षण विद्यालय आहे. यांतील पुष्कळ जण कधीही विमान चालविणार नसतात. विमानाची तपासणी करणे, ते उड्डाणास योग्य असल्याची नोंद करणे आणि ते वैमानिकाच्या स्वाधीन करणे, हे त्यांचे काम.

या नोंदीला एक गंभीर अर्थ आहे. अमुक क्रमांकाचे विमान, अमुक वैमानिक, अमुक वेळी निघाला, एवढे तळावर नक्की माहीत असते. विमान परतले म्हणजे नोंद पुरी होते. युद्धकाळात ते परतले नाही, तर पुढची जागा कोरी राहते. ती कोणी भरावयाची, आणि कशी, हा प्रश्न त्या क्षणी सुरू होतो. विमान कोसळण्यास काही क्षण पुरतात. परंतु त्यातील माणसाचे काय झाले हे कळण्यास कधी एक दिवस लागतो, कधी तेवीस वर्षे, आणि कधी सारे आयुष्य संपले तरी ते कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ही कोरी जागा फार मोठी होती. जर्मनीवर हल्ले करणाऱ्या ब्रिटिश बॉम्बर विमानांच्या दळात सुमारे सव्वा लाख वैमानिक व त्यांचे सहकारी होते. त्यांपैकी ५५,५७३ जण प्राणास मुकले. युद्ध थांबले तेव्हा ब्रिटिश विमानदळाच्या दप्तरी सुमारे ४२ हजार नावांपुढे कबरीचा पत्ता नव्हता. या माणसांच्या शोधासाठी ब्रिटिशांनी एक स्वतंत्र पथक नेमले. ते फ्रान्स, हॉलंड, जर्मनी अशा देशांत गावोगाव फिरले. चर्चच्या दफनांच्या नोंदी पाहिल्या, शेतकऱ्यांना विचारले, विमानाच्या यंत्रावरील क्रमांक ताडून पाहिले. काही वर्षांच्या या खटाटोपाने निम्म्याहून अधिक जणांच्या कबरी निश्चित झाल्या. पुष्कळांच्या बाबतीत विमान समुद्रात बुडाले होते, एवढेच ठरविता आले. पण तेवढे तरी ठरले.

आपल्याकडेही त्या शोधाच्या खुणा आहेत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात जेथे कबरींची कायम निगा राखणे शक्य नव्हते, तेथील महायुद्धकाळातील सैनिकांच्या कबरी पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानभूमीत आणण्यात आल्या. तेथे अशा सोळाशेंहून अधिक कबरी आहेत. दक्षिण व पूर्व आशियाच्या आकाशात ज्यांचा मागमूस लागला नाही, अशा राष्ट्रकुलातील वैमानिकांची नावे सिंगापूरजवळ क्रांजी येथील भिंतींवर कोरलेली आहेत. आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद नेणारी सुमारे सहाशे अमेरिकी विमाने त्या युद्धात नष्ट झाली. अरुणाचलाच्या डोंगरांत त्यांचे अवशेष अजून सापडतात, आणि १९४४ साली कोसळलेल्या एका विमानातील माणसांचे समजले जाणारे अवशेष २०१६ साली दिल्लीहून अमेरिकेस सन्मानाने रवाना झाले. बहात्तर वर्षांनीही तो शोध सोडून दिलेला नव्हता.

हे शक्य झाले याचे एक कारण साधे आहे. महायुद्धानंतर शोध घेणारे लोक ज्या भूमीवर विमान पडले तेथवर पायी जाऊ शकत होते. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील युद्धांत तसे घडले नाही. युद्ध थांबले, तरी सीमा बंदच राहिली. पलीकडे पडलेल्या विमानाविषयी जे काही कळावयाचे, ते पलीकडच्यांनी सांगितले तरच कळावयाचे.

कर्नाटकातील कोडगूचे सुपुत्र स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांची कथा याचे उदाहरण आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्याच्या विमानतळावर हल्ला करण्यास निघालेल्या तुकडीत ते राखीव वैमानिक होते. एक विमान गळल्याने ते पुढे गेले आणि परतले नाहीत. इकडे ते बेपत्ता ठरले. पाकिस्तानी विमानदळाविषयी लिहिणारे इंग्रज लेखक जॉन फ्रिकर यांचे पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या दिवशी एका जुन्या मिस्टेअर विमानाने अत्याधुनिक स्टारफायटर विमानाशी झुंज देऊन ते पाडले होते, ही हकीकत बाहेर आली. पाकिस्तानी वैमानिक हवाई छत्रीने उतरून वाचला होता. मिस्टेअरचा वैमानिक देवय्यांवाचून दुसरा कोणी असणे शक्य नव्हते. १९८८ साली त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. नोंद पुरी होण्यास तेवीस वर्षे लागली, आणि ती पुरी होण्यास शत्रुपक्षाचीच साक्ष उपयोगी पडली.

१९७१ च्या युद्धातील दोन मराठी वैमानिकांच्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. दोघेही फ्लाइट लेफ्टनंट, दोघेही सुखोई-७ जातीच्या एकासनी विमानाचे वैमानिक, आणि दोघेही त्याच डिसेंबर महिन्यात पाच दिवसांच्या अंतराने पलीकडच्या भूमीवर पडले.

दिलीप परुळकर १० डिसेंबर रोजी पाडले गेले. १९६५ च्या युद्धात उजव्या खांद्यास जखम झाली असतानाही त्यांनी आपले विमान तळावर परत आणले होते. आपण पकडलो गेलो तर कैदेतून निसटून येऊ, असे त्यांनी युद्धापूर्वीच आपल्या वरिष्ठांना सांगून ठेवले होते. रावळपिंडीच्या छावणीत ते इतर भारतीय वैमानिकांसह युद्धकैदी झाले. त्यांची नावे नोंदविली गेली, रेडक्रॉसला कळली, घरी पत्रे आली. कोठडीच्या भिंतीतील विटा उकरून परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे १३ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्री बाहेर पडले. मोटारबसने पेशावर आणि तेथून खैबर खिंडीतील लंडी कोतल त्यांनी गाठले. अफगाणिस्तानची सीमा तेथून अवघी चार मैल उरली होती. परंतु त्यांनी लंडी खानाचा रस्ता विचारला. त्या नावाचे रेल्वे स्थानक जुन्या नकाशावर होते. प्रत्यक्षात तेथवरची गाडी १९३२ सालीच बंद झाली होती. या एका प्रश्नाने संशय आला आणि तिघे पकडले गेले.

आपण पाकिस्तानी विमानदळातील माणसे आहोत, अशी बतावणी त्यांनी केली. परुळकरांनी ‘फिलिप पीटर’ हे ख्रिस्ती नाव घेतले होते. सीमेवरील त्या मुलखात हेर म्हणून त्यांचा तेथेच निकाल लागला असता. तेव्हा त्यांनी पाकिस्तानी विमानदळप्रमुखांचे साहाय्यक स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद यांना दूरध्वनी करण्याची विनंती केली. हमीद हे पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. हे तिघे आमचे आहेत, त्यांना इजा होऊ देऊ नका, असे त्यांनी कळविले. ज्यांच्या नावांची नोंद झाली होती, त्यांच्याविषयी बोलणारा एक माणूस शत्रूच्या दळातही होता. १ डिसेंबर १९७२ रोजी हे तिघे आपल्या सोबत्यांसह वाघा सीमेवरून भारतात परतले. ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालेल्या परुळकरांचे निधन ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात झाले.

विजय वसंत तांबे ५ डिसेंबर रोजी शोरकोट रोडच्या हवाई तळावर हल्ला करण्यास गेले आणि परतले नाहीत. त्याच दिवसांत पाकिस्तानातील एका वृत्तपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी छापली. तीत थोड्या चुकीच्या अक्षरांनी त्यांचे नाव होते. परंतु पुढे परत पाठविलेल्या युद्धकैद्यांच्या यादीत ते आले नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे तीन वेळा राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या ठरलेल्या खेळाडू. तेव्हा लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यानंतरची अनेक दशके त्यांनी मंत्र्यांची दारे, सरकारी कचेऱ्या आणि इतर बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांच्या भेटीगाठी यांत घालविली. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतील अशा ५४ जणांची यादी भारत सरकारने केली. त्यांत सुमारे निम्मे विमानदळाचे होते. २००७ साली चौदा नातेवाइकांनी पाकिस्तानातील तुरुंग प्रत्यक्ष पाहिले. त्यांत दमयंती तांबेही होत्या. कोणी सापडले नाही. असे कैदी आमच्याकडे नाहीत, हेच पाकिस्तानचे उत्तर राहिले.

परुळकर आणि तांबे यांच्या धैर्यात उणेअधिक काही नव्हते. वृत्तपत्रातले नाव हे अधिकृत नोंदीतले नाव नव्हे, एवढाच भेद येथे दिसतो. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी हाच भेद मिटविण्याचा यत्न केला आहे. पकडलेल्या सैनिकास छावणीत आल्यापासून फार तर एका आठवड्यात आपल्या घरी आणि मध्यवर्ती शोधकेंद्रास पत्र पाठविण्याची मुभा द्यावी; मृत सैनिक सापडला तर त्याची ओळख पटवून दफनाची जागा कळवावी, असे ते करार सांगतात. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही ते मानलेले आहेत. या कलमांसाठी सैन्य लागत नाही, दारूगोळा लागत नाही. एक पत्र, एक लेखणी आणि खरे लिहिण्याची तयारी एवढेच लागते. तेवढे झाले नाही, तर युद्ध संपूनही एका घरातले युद्ध संपत नाही.

निपाणीपासून खानापुरापर्यंतच्या या पट्ट्यास सैनिकी जीवन परके नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. वीरमरणाची वार्ता घरावर आली म्हणजे सारे गाव अंगणात जमते. सुतक पाळले जाते, दिवस घातले जातात, किंवा मंदिरात प्रार्थना होते. ‘बेपत्ता’ या शब्दासाठी मात्र कोणताच विधी नाही. दिवस घालावेत तर आशा सोडल्यासारखे होते, न घालावेत तर वाट पाहणे संपत नाही. कुंकवाचा प्रश्नही त्याच उंबरठ्यावर अडतो.

२८ जानेवारी २०२३ रोजी ग्वाल्हेरहून सरावासाठी निघालेली दोन लढाऊ विमाने कोसळली. एकातील दोघे वैमानिक उडी घेऊन वाचले; दुसऱ्यातील विंग कमांडर हनुमंतराव सारथी मृत्यू पावले. ते बेळगावच्या गणेशपूरचे. दुसऱ्याच दिवशी त्यांचा देह विमानाने सांबऱ्यास आला आणि शेवटचे दर्शन घेण्यास लोक लोटले. तो शांततेचा काळ होता आणि भूमी आपली होती, म्हणून तेवढे घडू शकले. दुःख तेच, पण त्या घराला आपल्या माणसाला निरोप देता आला. शोरकोट रोडकडे गेलेल्या विमानाच्या नावापुढची जागा मात्र अद्याप कोरी आहे.